बादलीतलं किती, तिजोरीतलं किती?

मार्च उजाडला की ब्रिटनमधल्या बहुतेक गावांच्या बाजारपेठेत पिवळी जॅकेटं घातलेली माणसं दिसू लागतात. हातात झाकणाला फट असलेली बादली, गळ्यात ओळखपत्र आणि शेजारी कोटाला लावायच्या डॅफोडिल फुलांच्या पिनांचं खोकं. ‘मेरी क्युरी’ ही संस्था शेवटच्या आजारातल्या माणसांची सेवा करते. तिची काही हॉस्पिसं, म्हणजे अशा रुग्णांसाठीची घरं, आहेत आणि तिच्या नर्सेस रात्रभर रुग्णाच्या घरी बसतात. रुग्णाला यासाठी एक पेनीही मोजावी लागत नाही. १९८६ पासून दर मार्चमध्ये डॅफोडिलच्या नावाने या कामासाठी पैसे गोळा होतात.

रेडिंगमध्ये राहणारी, आयटीत नोकरी करणारी एक मराठी मुलगी ही बादली घेऊन उभी राहते. पुण्याहून तिचे मामा मुक्कामाला आले आहेत. सारी हयात बँकेत गेली, शेवटची वर्षं अंतर्गत तपासणीत. भाचीचं हे बादली प्रकरण त्यांना पटलेलं नाही.

मामा: एक विचारतो, राग मानू नकोस. दोन तास उभी राहून त्या बादलीत जे पडतं, तेवढं तू ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासात कमावत असशील. ते संस्थेच्या खात्यात टाक आणि मोकळी हो. थंडीत कुडकुडण्यात कसला आलाय हिशेब?

भाची: खात्यातून दर महिन्याला जातातच, मामा. आणि शनिवारी उभी राहिले नाही म्हणून ऑफिस काही मला त्या दोन तासांचे पैसे देणार नाही.

मामा: तरी पण शिकली-सवरलेली मुलगी भर रस्त्यात बादली खुळखुळवत...

भाची: खुळखुळवायची नाहीच, तसं बजावूनच सांगतात. कुणाला अडवायचं नाही, कुणाच्या मागे जायचं नाही, एका जागी उभं राहायचं. नगरपालिकेचा परवाना लागतो. बहुतेक नगरपालिकांचे नियम १९७४ च्या नमुन्यावर बेतलेले आहेत. त्यात तर दोन गोळा करणाऱ्यांमध्ये २५ मीटर अंतर हवं असंही लिहिलंय. एकाच माणसावर चौघांनी तुटून पडू नये म्हणून.

मामा: हे आमच्या पेठेत येऊन सांग. गणपतीच्या वर्गणीला आठ पोरं एकदम दारात उभी राहतात आणि आकडा घालून पावती आधीच फाडलेली असते.

भाची: इथेही सुरुवातीला सगळं सोवळं नव्हतंच. १८९१ मध्ये मँचेस्टरला बुडत्यांना वाचवणाऱ्या नौकांसाठी रस्त्यावर फंड गोळा केला. पुढे पहिल्या महायुद्धात जो तो डबा घेऊन उभा राहायला लागला. कोण खरा, कोण खोटा कळेना. म्हणून १९१६ मध्ये कायद्याने रस्त्यावरच्या फंडांवर नियंत्रण आणलं.

मामा: ठीक. पण तुझ्या बादलीत पावती नाही. तपासणीतला माणूस म्हणून सांगतो, पावती नसलेला पैसा म्हणजे आमंत्रणच.

भाची: बादलीला नंबर असतो, झाकणाला सील असतं. कुठला नंबर कुणाकडे दिला ते लिहिलेलं असतं. एकटीने उघडायची नाही. मोजायला दोघं बसतात आणि ती दोघं शक्यतो एकमेकांची नातेवाईक नसावीत अशी अपेक्षा असते. महिन्याच्या आत किती जमले, खर्च किती, याचा तक्ता नगरपालिकेला द्यायचा. आणि गोळा करणाऱ्याला त्यातून एक पैसाही मिळत नाही.

मामा: म्हणजे पावतीचं काम सील आणि तक्ता करतात. बरं. पण आता नाणी असतात तरी कुणाकडे? परवा मी दुकानात नोट काढली तर ती पोरगी नोटेकडे बघतच राहिली.

भाची: २०१७ मध्येच इथे डेबिट कार्डाचे व्यवहार रोखीच्या पुढे गेले. म्हणून आता बादलीबरोबर कार्ड टेकवायचं यंत्रही असतं. गंमत सांगते, तुम्हाला आवडेल. देणाऱ्याने नाव-पत्ता लिहून दिला तर त्याने दिलेल्या दर पौंडामागे सरकार संस्थेला २५ पेनी देतं, कारण त्या रकमेवरचा आयकर आधीच भरलेला असतो. बादलीत नाव कुठून येणार? म्हणून २०१३ पासून छोट्या देणग्यांसाठी वेगळी योजना आहे. निनावी नाण्यांवरही २५ टक्के मिळतात, साधारणपणे वर्षाला ८,००० पौंडांपर्यंतच्या रकमेवर.

मामा: आवडलं. आणि त्यातच तू माझ्या हातात कोलीत दिलंस. म्हणजे आधी वाटेने जाणाऱ्याने दया दाखवायची आणि मग सरकार त्याच्या मागून चार आणे घेऊन येणार. सरकारने पुढे चालायचं की मागे?

भाची: प्रश्न बरोबर आहे. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांसाठीच्या हॉस्पिसांचा सरासरी एक तृतीयांश खर्च सरकारकडून येतो. बाकी सगळं मृत्युपत्रातून ठेवलेले पैसे, जुन्या कपड्यांची-पुस्तकांची दुकानं, लॉटरी, पळण्याच्या शर्यती आणि आमच्या बादल्या यांतून.

मामा: आणि ही तीच सरकारी आरोग्यसेवा ना, जिचे गोडवे सगळं जग गातं? बाळंतपण फुकट, हृदयाचं ऑपरेशन फुकट आणि मरायची वेळ आली की बादली?

भाची: त्याला इतिहास आहे. राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली १९४८ मध्ये. तिचा सगळा भर बरं करण्यावर. जो बरा होणार नाही त्याचं काय, हे त्या आराखड्यात नीटसं नव्हतंच. त्याच वर्षी लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा वॉर्सातून आलेला ज्यू निर्वासित कर्करोगाने मरत होता. चाळिशीचा, हॉटेलात वेटर. सिसली सॉन्डर्स तेव्हा रुग्णालयात समाजसेविका होत्या. त्याच्याशी बोलता बोलता त्यांच्या मनात अशा माणसांसाठी वेगळं घर उभारायची कल्पना आली. जाताना त्याने ५०० पौंड ठेवले, त्या घराला एक खिडकी लावायला. तेव्हा घराचा पत्ता नव्हता. सॉन्डर्स आधी नर्स होत्याच, पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. आधुनिक हॉस्पिसांचं मूळ तिथलं. सरकारची वाट पाहिली असती तर ते उघडलं नसतं.

मामा: मान्य. सुरुवात कुणाच्या तरी वेडानेच होते. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभा केला आणि त्यातून तळेगावचा काच कारखाना निघाला. पणजीत मूठ-मूठ तांदूळ जमवून शाळा काढली, तिचं नावच मुष्टिफंड. पण बँकेच्या भाषेत सांगतो. हा भांडवली खर्च झाला. एकदाच मागायचं, वास्तू उभी करायची. रात्री रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या नर्सचा पगार हा चालू खर्च. तो दर महिन्याच्या अखेरीला येतो. चालू खर्च लोकांच्या मर्जीवर सोडणाऱ्या माणसाला मी कर्ज दिलं नसतं.

भाची: मग हे ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या सरकारने इंग्लंडमधल्या हॉस्पिसांना १० कोटी पौंड जाहीर केले. कशासाठी? इमारती आणि सामानसुमान.

मामा: आणि पगार?

भाची: एप्रिल २०२५ पासून नोकरी देणाऱ्याने कर्मचाऱ्यामागे भरायचा राष्ट्रीय विमा १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के झाला. सरकारी रुग्णालयांना त्याची भरपाई मिळाली. हॉस्पिस पडली धर्मादाय संस्था, त्यांना ती नाही.

मामा: शाब्बास! म्हणजे भिंती सरकारच्या आणि माणसं बादलीची. आणि तू त्या बादलीची राखणदार. अगं, तू उभी राहतेस म्हणून तर त्यांचं निभावतं.

भाची: मी उद्या बादली खाली ठेवली तर सरकार परवा धावत येईल, असं वाटतं तुम्हाला? मधल्या काळात ज्या घरात रात्री नर्स जायची तिथे कोण जाणार?

मामा: हेच, ‘मधला काळ’! मधला काळ संपत नसतो. माझे वडील वार लावून शिकले, हे तुला ठाऊक आहे. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. सगळी माणसं चांगली होती, आम्ही अजून त्यांची नावं घेतो. पण बुधवारच्या घरी सुतक आलं की बुधवारी उपास. ते लोक गावाला गेले की उपास. कुणाची चूक नव्हती, तरी पोरगं उपाशी राहायचं. दया पातळ होती म्हणून नाही, दयेला सुट्ट्या असतात म्हणून. म्हाताऱ्या माणसाच्या वेदनेला सुट्टी नसते.

भाची: आणि २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या देशालाच सुतक आलं. ऐन डॅफोडिलच्या महिन्यात रस्ते बंद, दुकानं बंद, शर्यती बंद. एकही बादली बाहेर पडू शकेना.

मामा: मग? हॉस्पिसं बंद पडली?

भाची: नाही. सरकारने तातडीने पैसे दिले.

मामा: दिले ना? म्हणजे देता येतात. तिजोरीत हात घालायला साथीची वाट बघावी लागली, एवढंच.

भाची: येतात, मामा, मी नाही कुठे म्हटलं? पण सगळा पैसा सरकारचा झाला की हॉस्पिसचा वॉर्ड होईल, अशी भीती कामातल्या लोकांना वाटते. किती खाटा, किती दिवसांत रिकाम्या केल्या, याचा तक्ता वरून येणार. इथे एखाद्याला कुत्रं भेटायला आणायचं असतं, कुणाला शेवटची बिअर प्यायची असते, कुणाच्या लेकीचं लग्न बागेतच उरकायचं असतं. सॉन्डर्स सांगायच्या की वेदना शरीराचीच नसते, मनाची, घरच्यांची, श्रद्धेची अशी सगळी मिळून असते. तक्त्यात यातलं काय मावणार?

मामा: कुत्रं आणि बिअर बादलीतून येऊ दे. खुशाल. माझी तक्रार मॉर्फिन आणि रात्रपाळी बादलीतून येते याबद्दल आहे. आणि आणखी एक. तुझ्या बादलीत पैसे कोण टाकतं?

भाची: बहुतेक ज्यांच्या घरी संस्थेची नर्स आली होती ती माणसं. जवळ येतात, ‘आईसाठी’ एवढंच म्हणतात आणि जातात. काही जण दुरून पिवळं जॅकेट दिसलं की रस्ता ओलांडतात. आधी मला वाटायचं, पैसे द्यायचे नसतील. आता वाटतं, त्यांच्याकडे गेल्या महिन्यातच कुणी गेलं असेल. कुणाला अडवायचं नाही हा नियम त्यांच्यासाठीच बरा आहे. यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं.

मामा: सुरेख. आता उलट बाजूने बघ. ज्याला कुणी नाही, जो फुटपाथवर राहतो, जो तुरुंगात मरतो, त्याच्या नावाने बादलीत कोण टाकणार? आणि ज्या गावात पैसेवाले म्हातारे जास्त, तिथल्या हॉस्पिसला मृत्युपत्रातून घरं मिळणार. कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या गावात काय मिळणार? मरणात सगळे सारखे म्हणतात. बादलीपुढे नाहीत.

भाची: याला माझ्याकडे उत्तर नाही. दान पैशाच्या मागे जातं, गरजेच्या मागे नाही, हे खरंय. २०२२ च्या कायद्याने स्थानिक आरोग्य मंडळांवर पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्यांच्या सुश्रूषेची, सोय करायची जबाबदारी टाकलीय. पण जबाबदारी टाकली, किती पैसे द्यायचे ते लिहिलं नाही.

मामा: रक्कम न लिहिता सही केलेला चेक.

भाची: तरी मी उभी का राहते, ते सांगू? पैसे हे निम्मं कारण. अशी रात्रपाळीची नर्स असते आणि ती फुकट असते, हेच कित्येकांना ठाऊक नसतं. बादलीपाशी आलेल्या एका बाईंचे यजमान घरीच होते, आजार शेवटाकडे चाललेला. त्यांना वाटायचं हॉस्पिस म्हणजे इमारत, तिथे नेऊन ठेवायचं आणि ते तर त्यांना करायचं नव्हतं. मी वैद्यकीय सल्ला देऊ शकत नाही. संस्थेचा फुकट फोन नंबर तेवढा दिला. आता नुसते खात्यात पैसे टाकून हे झालं असतं का?

मामा: नसतं. हे मी तुझ्या बाजूला जमा धरतो.

भाची: आणि केरळचं उदाहरण तर तुम्हीच मागे सांगितलं होतं.

मामा: कोझिकोडचं. १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार वगैरेंनी तिथे पॅलिएटिव्ह केअरची सोसायटी काढली. नंतर शेजारच्या मलप्पुरममध्ये गावोगाव लोकांनी हे काम अंगावर घेतलं. दुकानात डबे ठेवले, घरटी थोडे थोडे पैसे काढले. पण एक फरक लक्षात घे. डब्यात टाकणारे तिथेच थांबले नाहीत. शिकवणी घेऊन रुग्णांच्या घरी जायला लागले आणि पैसे कुठे खर्च करायचे तेही तेच ठरवू लागले. २००८ मध्ये केरळ सरकारने धोरण आणलं आणि घरी जाणारी नर्स ही पंचायतीची जबाबदारी झाली.

भाची: म्हणजे आधी डबा, मग धोरण. मी तेच म्हणतेय!

मामा: नाही, तू अर्धंच म्हणतेस. मलप्पुरमच्या डब्यापासून धोरणापर्यंत दहाएक वर्षं लागली. तुमचं पहिलं आधुनिक हॉस्पिस १९६७ चं. साठ वर्षं होत आली आणि गाडी अजून एक तृतीयांशावर. डब्याने धोरण ओढून आणलं तर तो डबा कामाचा. डबा धोरणाची जागा अडवून बसला तर त्याचा उपयोग सरकारला जास्त, रुग्णाला कमी.

भाची: धोरण आपोआप ओढलं जात नाही. मॉर्फिनचंच घ्या. अफू पिकवणाऱ्या आपल्या देशात १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने अशी भीती बसवली की कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी मिळेना. परवान्यांवर परवाने. २०१४ मध्ये तो कायदा बदलला.

मामा: संसदेने बदलला. बादलीने नाही.

भाची: संसदेचा दरवाजा वर्षानुवर्षं कोण ठोठावत होतं? राजगोपाल, त्यांची ‘पॅलियम इंडिया’ आणि त्यांच्यासारखे. त्यांच्यामागे लोकांच्या देणग्याच होत्या. सरकारच्या पगारावर राहून सरकारशी इतकी वर्षं भांडता येतं का?

मामा: हं. हा मुद्दा मी धरला नव्हता. बादलीने नर्सचा पगार भागवू नये, पण भांडायचं बळ जरूर द्यावं.

भाची: आणि भांडण जिंकेपर्यंत नर्सचा पगारही. मुंबईत वांद्र्याला डॉ. लुईस डिसूझांनी १९८६ मध्ये शांती आवेदना सदन काढलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. तिथेही रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कुणी देत होतं म्हणून ते चाललं. तुमच्या नियमाने चालायचं तर १९८६ मध्ये त्यांनी दार उघडायलाच नको होतं.

मामा: दार उघडावं. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या दिवसापासून दारावर एक पाटी हवी: आमचा सरकारी वाटा किती, दहा वर्षांपूर्वी किती होता. वाढतोय की घटतोय हे देणाऱ्याला दिसलं पाहिजे. नाहीतर त्याला वाटतं, आपण एक पौंड टाकला, काम झालं.

भाची: आकडे वार्षिक अहवालात असतात. धर्मादाय आयोगाकडे कुणीही बघू शकतं.

मामा: अहवाल वाचायचा पगार मी घेत होतो, तरी कंटाळायचो. बाजारात आलेला माणूस तो वाचणार आहे?

भाची: बादलीवर राजकारण आणता येत नाही, मामा. संस्थेला धोरणासाठी मोहीम चालवता येते, पक्षाचा प्रचार नाही. आणि मी तिथे उभं राहून भाषण दिलं तर आईसाठी नाणं टाकायला आलेला माणूस पुढे निघून जाईल.

मामा: मग भाषण रस्त्यावर नको. घरी बसून तुझ्या खासदाराला पत्र लिही. बादली घेऊन उभं राहणाऱ्या प्रत्येकाने वर्षाला एक पत्र लिहिलं तरी पुष्कळ. बादली आणि पत्र, दोन्ही हातांना काम.

भाची: लिहिते. मजकूर तुम्ही तपासून द्या. आणि एक सांगू? पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसालाही इथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत बिनपगारी काम करता येतं. पुढच्या शनिवारी माणसं कमी आहेत.

मामा: उभा राहणार नाही. वडिलांचं जेवण मागण्यात गेलं, मला ते जमायचं नाही. मोजायला बसवत असाल तर येतो. नाणी मोजण्यात माझा हात अजून कुणी धरणार नाही.

भाची: चालेल, पण माझ्याबरोबर नाही. मोजणारी दोघं नात्यातली नसावीत.

मामा: चोख नियम आहे. दुसरा माणूस कुणीही द्या. पण मोजून झाल्यावर बेरजेच्या शेजारी मी आणखी एक आकडा लिहीन: यंदाचा सरकारी वाटा.

भाची: त्या तक्त्यात तसा रकानाच नाही, मामा.

मामा: नसू दे. समासात लिहीन आणि खाली सही करीन. नगरपालिकेच्या तपासनिसाला एकदा तरी विचारावं लागेल, हा आकडा इथे का आलाय म्हणून.